आधी खालच्या शेताला

कोलवाळचा पूल ओलांडला की बार्देश संपतं आणि पेडणे तालुका सुरू होतो. महामार्गाने जाणाऱ्याला धारगळ म्हणजे सुकेकुळणचा चौक, मोपाच्या विमानतळाकडे वळणारा रस्ता आणि आयुर्वेद संस्थेची नवी इमारत. गाव मात्र रस्त्याच्या खाली आहे. काजूचा उतार उतरून गेलं, की दोन टेकड्यांच्या मधे भातशेतीचा अरुंद मळा लागतो. मधून व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. त्या मळ्यात आमचे कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, आहेत. शाळेत नोकरीला होतो तोवर ते मी सुट्टीच्या दिवशी कसायचो. निवृत्त झाल्यापासून सकाळची पेज घेतली की माझे पाय तिकडेच वळतात.

हे कुणगे माझ्या पणजोबांनी लागते ठेवले. ते भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, कूळ होते आणि घरही भाटकाराच्याच जमिनीत, म्हणजे मुंडकारही. गोवा मुक्त होण्याच्या थोडं आधी ते गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचा फोटो नाही, अंगठ्याचा ठसा उमटलेला एखादा कागद नाही, शाळेचा दाखला असण्याचा तर प्रश्नच नव्हता. जे काही कळलं ते दोन वाटांनी कळलं. एक, आजीच्या बोलण्यातून. ती त्यांची सून, त्यांना मामा म्हणायची, आणि मामांची कुठलीही गोष्ट सांगताना डोक्यावरचा पदर सारखा करायची. दुसरी वाट शेतीच्या कामाची. एकाच मातीत तीच कामं करताना माणूस कसा होता ते कळत जातं, अगदी त्याच्या रागलोभासकट.

मेरेचंच घ्या. दोन कुणग्यांच्या मधला मातीचा बांध म्हणजे मेर. दर वर्षी मिर्ग लागायच्या सुमाराला तिची डागडुजी करावी लागते. गेल्या वर्षीच्या मेरेची बाजू फावड्याने पातळ सोलून काढायची, गवताची मुळं उपटायची, मग खालचा चिकट चिखल हातांनी उचलून तिच्यावर थापायचा आणि पायाच्या तळव्याने गुळगुळीत करायचा. हे काम दिसतं सोपं, पण श्रावणात त्याची परीक्षा होते. कुर्ल्या मेरेत बिळं करतात, आणि एका बिळातून रात्रभर पाणी गेलं तर सकाळी वरचा कुणगा कोरडा आणि खालच्याचा तरवा वाहून गेलेला. बीळ वरून दिसत नाही. खालच्या बाजूला पाण्यात एका ठिकाणी बारीक गढूळ भोवरा उठतो, तो शोधायचा. मग वरच्या अंगाला त्याच रेषेत हात घालून भोक चाचपायचं, पेंढ्याचा बोळा कोंबायचा, त्यावर चिखल आणि त्यावर टाच. वडिलांनी मला हे शिकवलं ते शब्दांत नव्हे, माझा हात धरून पाण्यात बुडवून.

आमची मेर मळ्यातल्या इतर मेरांपेक्षा रुंद आहे. दोन माणसं डोक्यावर भारे घेऊन समोरासमोरून जाऊ शकतात एवढी. रुंद मेर म्हणजे तेवढी लागवडीची जागा गेली, आणि जी जमीन आपली नाही, जिच्या पिकातला निम्मा वाटा भाटकाराच्या कोठारात जाणार, तिथे स्वतःच्या वाट्याची जागा माणूस अशी का सोडेल, हे मला कोडंच होतं. आजीने सांगितलं की खालच्या शेताला जायला दुसरी वाटच नव्हती. त्या घरच्या बायकांना ओझी घेऊन चिखलातून जावं लागू नये म्हणून मामांनी मेर वाढवली.

खालचं शेत कुणाचं होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही. ते ज्या घराचं होतं त्या घरच्या माणसांना तेव्हा देवळाच्या मंडपात प्रवेश नव्हता. जत्रेला ढोल त्यांनी वाजवायचे, पण पायरीखाली उभं राहून. तेही कूळच. आमच्याइतकेच गरीब आणि त्यावर गावाने लादलेला हा भार.

मुख्य कसोटी लागायची ती वायंगणाला. पावसाळ्यातल्या सरद शेतीला पाणी वरून पडतं. ते अडवणं आणि सोडणं एवढंच काम. पण दसऱ्यानंतर पाऊस थांबला, भात कापून झालं, की दुसरं पीक, म्हणजे वायंगण, घ्यायचं तर व्हाळ अडवावा लागे. मळ्यातली सगळी कुळं त्यासाठी एकत्र येत. व्हाळात खुंट ठोकायचे, त्यांत फांद्या विणायच्या, मधे गवत आणि चिखल भरत जायचं. पाणी चढत चढत पाटाच्या तोंडाला लागलं, की बांध झाला. दर घरामागे एक माणूस. ज्या घरात पुरुष नाही तिथून बाई येई आणि तिचं काम पुरुषाइतकंच धरलं जाई. पहिल्या मोठ्या पावसात हा बांध वाहून जायचा. पुढच्या वर्षी पुन्हा नवा.

बांध घातल्यावर खरी भांडणं सुरू होतात, कारण पाटाचं पाणी पाळीने घ्यायचं असतं आणि फाल्गुनात व्हाळ आटत आला की पाळी म्हणजे जीव. कुठल्याही मळ्यात साहजिक रीत अशी पडते, की पाटाच्या तोंडाजवळचा आधी भिजवून घेतो आणि उरलंसुरलं शेवटच्याला. धारगळच्या आमच्या मळ्यात ती रीत उलटी होती आणि ती पणजोबांनी पाडली असं आजी सांगायची. ‘‘पाणी आदीं सकयल्या शेताक,’’ हे त्यांचं वाक्य. सर्वांत खालच्या कुणग्याला पहिलं पाणी, मग एकेक पायरी वर, आणि पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत त्याला सर्वांत शेवटी. यामागे दया होती तशी पक्की शेतकरी अक्कलही होती. वरच्याला शेवटी पाणी मिळणार म्हटल्यावर पाट कुठे गळतो, कुठे गवत माजलंय, याची राखण तो आपणहून करतो, कारण खालच्याचं भिजून झाल्याशिवाय त्याची पाळी येत नाही. पाण्याची नासाडी थांबते ती अशी. पाटबंधारे खात्याचे अभियंते आज कालव्यांवर पाणीवापर संस्थांना हेच शिकवतात, पाणीवाटप शेपटाकडून सुरू करा म्हणून.

पण ही रीत गळी उतरवणं सोपं गेलं नसणार. आमचे स्वतःचे कुणगे पाटाच्या तोंडाकडून दुसरे. म्हणजे या नियमाने नुकसान झालं तर ते आधी त्यांचंच होतं, आणि म्हणूनच इतरांना ‘नाही’ म्हणता आलं नाही.

आता त्यांच्या आयुष्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येतो. पणजोबा पखवाज वाजवायचे. दर एकादशीला वाड्यावर कुणाच्या तरी अंगणात भजन बसे आणि श्रावणात देवळात सप्ताह होई. सप्ताहात अखंड गजर चालू राहायचा तर पहारांच्या पाळ्या लावाव्या लागतात. रात्रीच्या मधल्या पहाराला येणारे कमी, म्हणून ती पाळी पणजोबा स्वतःकडे घ्यायचे; दिवसभर चिखलात उभं राहिल्यावर. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. तुकोबा, नामदेव, आणि आमच्या या भागाचे संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे अभंग आणि पदं त्यांच्या तोंडी होती ती ऐकून ऐकून. आज विर्नोड्याला सोहिरोबानाथांच्या नावाचं सरकारी महाविद्यालय आहे आणि तिथे पेडण्याची मुलं पदवी घेतात. त्या काळी मात्र सोहिरोबा पेडण्याच्या घराघरात पोचले होते ते टाळ-पखवाजाच्या जोरावर.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. पेडणे पोर्तुगीजांकडे आलं ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात जी देवळं पडली आणि जी धर्मांतरं झाली, ती आमच्या नव्या काबिजादीच्या वाट्याला आली नाहीत. नदीच्या पलीकडे कोलवाळला चर्चची घंटा, अलीकडे धारगळला भजनाचा गजर. पण राज्य एकच, आणि त्याचे कागद पोर्तुगीज भाषेत. जमिनीची नोंद, कराची पावती, कोर्टाची नोटीस, यांतलं एक अक्षर कुळाला कळत नसे. ज्या भाषेत त्याच्या जमिनीचा निवाडा होणार ती त्याला परकी, आणि ज्या भाषेत तो मनातलं बोलू शके ती सरकारदरबारी नाही. सभा भरवायला परवानगी लागायची. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात जी बंदी मोडली ती हीच. भजनाला मात्र कुणी हरकत घेतली नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यात पेडण्याच्या कुळांना बिनधास्त एकत्र बसता येईल अशी जी थोडी ठिकाणं होती, त्यांत भजनाचं अंगण पहिलं.

१५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या हद्दीवर पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैल सिंग बेनिपाल तिथेच पडले. पत्रादेवी आमच्याच तालुक्यात. आजी सांगायची, त्यानंतरच्या एकादशीला मामांनी पखवाज घेतला पण वाजवला नाही, मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि बाकीचे नुसत्या टाळांवर म्हणत राहिले. राजकारणावर ते कधी एक शब्द बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

खळ्यावर त्यांचं हे मौन जास्त ठळक दिसायचं. मळणी झाली, भात वारवून झालं, की भाटकाराचा माणूस माप घेऊन येई. आधी रास सारखी करायची, मग कुडवाने मोजायची, एक इकडे, एक तिकडे; पणजोबा गप्पच. निम्मं गेल्यावर उरलेल्यातून बी बाजूला काढायचं, बैल उसने आणले असतील तर त्यांचं देणं द्यायचं, आणि मग वर्षभराचं खायचं. बायका खळ्याच्या कडेला, जमिनीत रुतलेले दाणे केरसुणीने गोळा करत. पणजीने असे गोळा केलेले दाणे वेगळ्या मडक्यात ठेवलेले असत आणि पाहुणा आला की त्यातलेच शिजत, ही आजीची आठवण मला पणजोबांच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त लागते. पणजीने मिरच्या लावल्या, नाचणी पेरली, म्हशी राखल्या, लावणीला कंबर मोडून घेतली, आणि तिच्याबद्दल गावात कुणालाच काही सांगता येत नाही. पूर्वजांबद्दल लिहिताना आपण पुरुषांबद्दलच लिहितो, कारण देवळात आणि कचेरीत तेच दिसतात. या लेखातही तेच होतंय याची मला जाणीव आहे.

शाळेत इतिहास शिकवत असताना मला इंग्लंडातल्या शेतमजुरांची एक हकिगत वाचायला मिळाली आणि तिने मला पणजोबांकडे नव्याने बघायला लावलं. अठराव्या शतकात जॉन वेस्ली नावाच्या धर्मोपदेशकाने तिथे मेथडिस्ट पंथ उभा केला. वेस्ली घोड्यावरून गावोगाव हिंडे, चर्च मिळालं नाही तर शेतात उभं राहून प्रवचन करी. त्याचा भाऊ चार्ल्स याने हजारो भक्तिगीतं लिहिली. या पंथाची खरी ताकद प्रवचनात नव्हती, आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमणाऱ्या दहाबारा जणांच्या बैठकीत होती. एकमेकांची विचारपूस करायची, गायचं, पेनीभर वर्गणी द्यायची. नांगर धरणारा माणूसच त्यांचा प्रवचनकार असू शके. डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावचा जॉर्ज लव्हलेस असाच एक नांगरधारी प्रवचनकार. आठवड्याची मजुरी कमी होत होत ७ शिलिंगांवर आली आणि ती ६ वर नेणार असं कळलं, तेव्हा त्याने गावच्या मजुरांना एकत्र आणलं. गुप्त शपथ घेतल्याचा ठपका ठेवून १८३४ मध्ये त्याला आणि त्याच्या पाच साथीदारांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ऑस्ट्रेलियात. सहांपैकी पाच जण मेथडिस्ट होते. देशभर एवढा गहजब झाला की १८३६ मध्ये सरकारला त्यांना माफी द्यावी लागली. पुढे १८७२ मध्ये इंग्लंडातल्या शेतमजुरांची पहिली देशव्यापी संघटना उभी करणारा जोसेफ आर्च हाही मेथडिस्ट प्रवचनकार, आणि तोही शेतमजूरच.

आमच्या पेडण्यात मेथडिस्ट कुणी माझ्या ऐकिवात नाही. महाराष्ट्रात ते आले १८७०च्या दशकात, विल्यम टेलर यांच्याबरोबर, आधी मुंबईत. अहमदनगरकडच्या खेड्यांत दुसऱ्या, अमेरिकन मराठी मिशनने काम केलं, आणि तिथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी नारायण वामन टिळकांनी भजनं लिहिली. तुकोबांच्या वळणाची, टाळमृदंगावर म्हणायची. म्हणजे धर्म बदलला तरी शेतकऱ्याला अंगणातली बैठक, टाळ आणि सोबतीने गाणं हे लागलंच. लव्हलेसची हकिगत वाचताना मला तो परका वाटला नाही. कष्टकरी माणूस देवासाठी जमतो, ठरल्या दिवशी जमतो, आपली पाळी चुकवत नाही, दुसऱ्याचं पाठ झालेलं नसेल तर सांभाळून घेतो. हे वर्षानुवर्षं केलेल्या माणसांना एक दिवस हक्कासाठी जमावं लागलं, तर जमायचं कसं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

तो दिवस आमच्या मळ्यात आला पणजोबा गेल्यानंतर. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि खंड निम्म्यावरून सहाव्या हिश्शावर आला. आजोबांनी पहिल्या वर्षी सहावा हिस्सा मोजून दिला तेव्हा आजी खळ्यावर रडली होती. १९७५ मध्ये मुंडकार कायदा, १९७६ मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती. तोवर शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या होत्या. २० एप्रिल १९७६ पासून कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं जाईल असं कायद्याने म्हटलं. पण कागदावर तुम्ही कूळ म्हणून दिसला पाहिजे. सत्तरच्या दशकात जमिनीची मोजणी झाली तेव्हा एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचा रकाना होता, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो रिकामा राहिला किंवा दुसरंच नाव आलं. आमचाही रिकामा. खंडाच्या पावत्या कधी मिळालेल्याच नव्हत्या. मग मामलेदाराकडे दावा.

मी तेव्हा मराठी शाळेत जाणारा मुलगा. साक्षीच्या दिवशी आजोबांनी मला बरोबर नेलं. आमच्याकडून दोन साक्षीदार होते. एक पणजोबांचे जुने टाळकरी, आणि दुसरा खालच्या शेताचा म्हातारा. समोरच्या वकिलाने टाळकऱ्याला कुणग्यांच्या हद्दी विचारल्या, तो थोडा गडबडला. मग खालचा म्हातारा उभा राहिला. हद्दी, सर्व्हे नंबर, यांतलं त्याला काही सांगता येईना. मामलेदारांनी विचारलं, मग हे शेत यांचे वडील कसत होते हे तुम्हाला कसं माहीत? त्याने पाण्याची पाळी म्हणून दाखवली. सर्वांत खाली मी, माझ्यावर अमका, त्याच्यावर अमकी बाई, तिच्या मुलाच्या हाती शेत कधी आलं, मग अमका, आणि तोंडाकडून दुसरे हे. एकेक नाव, एकेक पायरी, खालून वर, मधे न अडखळता. वकिलाने मधूनच थांबवून उलट क्रमाने विचारलं, तर तेही त्याने वरून खाली तसंच सांगितलं. गोवा मुक्त होण्याच्या आधीपासूनची पाळी, आणि कुठल्या वर्षी कुठलं घर मुंबईला गेलं म्हणून पाळी कशी बदलली, तेही.

मळ्यात कुणाचं शेत कुठे आणि कोण कसत होतं, याचा संपूर्ण नकाशा त्या माणसाच्या तोंडी होता. ज्याचं पाणी वरच्या सगळ्यांच्या शेतांवरून येतं, त्याला वर कोण कोण आहे हे विसरता येत नाही. आणि ज्याच्या शेताला पाणी सगळ्यांत आधी पोचवलं गेलं, तो आमच्यासाठी कचेरीत येऊन उभा राहिला. त्याच्या दाव्यात आजोबांनी साक्ष दिली. दोन्ही दावे मंजूर झाले, वेगवेगळ्या वर्षी.

या सगळ्याला मी भक्तीचं फळ म्हणत नाही. भजनाच्या अंगणात सगळ्यांना जागा नव्हती. तो म्हातारा सप्ताहात कधी मंडपात बसला नाही. त्याची बैठक पायरीखाली, आणि पणजोबांनी त्याविरुद्ध काही केल्याचं मला कुणी सांगितलं नाही. ज्या हाताने त्यांनी मेर रुंद केली त्याच हाताने त्यांना तो उंबरठा हलवता आला नाही. ही गोष्ट मला खुपते आणि खुपत राहील. पण पाण्याच्या पाळीत त्यांनी देवळातली रीत चालू दिली नाही, उलट फिरवली. आपल्या देवाने जे सांगितलं ते त्यांनी देवळापेक्षा शेतात जास्त पाळलं, असं मला वाटतं. टॉलपडलचा लव्हलेस तुरुंगात गेला, पणजोबा कुठेच गेले नाहीत. तरीही मला ते दोघं एका वाटेवरचे वाटतात.

आता मळ्यात व्हाळाला बांध कुणी घालत नाही. १९९० मध्ये गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात करार होऊन तिळारीचं धरण झालं, त्याचे कालवे पेडण्यात आले. पाणी येतं, पण वायंगण घेणारे हात उरले नाहीत. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाचा विमानतळ आणि धारगळची आयुर्वेद संस्था या दोन्हींचं एकाच दिवशी उद्‌घाटन झालं. वाड्यावरची मुलं विमानतळावर कामाला जातात. ठरावीक तारखेला पगार मिळतो, त्यांना मी काय म्हणून शेतात बोलवू? २०२४च्या डिसेंबरात तीन दिवस सनबर्न या संगीत महोत्सवाचा कर्णा धारगळच्या सड्यावरून वाजला आणि आमच्या गोठ्यातली जनावरं रात्रभर उभी राहिली. तिळारीच्या ओलिताखाली यावी म्हणून राखलेली काही जमीन या ना त्या कारणाने लाभक्षेत्रातून वगळली गेली. जमिनीला जो भाव बोलला जातो तो ऐकून पणजोबांना काय वाटलं असतं, याची कल्पना मला करवत नाही.

भजन मात्र संपलेलं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. गोव्यातली भजनाची परंपरा आज जोरात आहे. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धेला गावोगावची पथकं उतरतात, महिलांची आणि मुलांचीही, आणि पेडण्याच्या पथकांचा पखवाज ऐकला तर छाती भरून येते. माझा पुतण्या असाच एका पथकात आहे. दिवसा विमानतळावर सामान चढवतो, रात्री तालीम करतो. ज्या लोकांनी बांध आणि सप्ताह दोन्ही पाळीने चालवले, त्यांच्या नातवंडांनी सप्ताह टिकवला आणि बांध सोडला. मी त्यांना दोष देत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच अंगणात शिकल्या गेल्या होत्या हे त्यांच्या कानावर असावं एवढ्यासाठी हे लिहितोय.

मधे एक दलाल घरी आला. कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही असा १९९१ चा कायदा आहे, आणि २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावरही बंधन आहे. त्याचं म्हणणं, यातूनही वाट निघते, तुम्ही फक्त सगळ्यांच्या सह्या आणा. गोव्यात मुलगा-मुलगी दोघांनाही वारसाहक्क सारखा, त्यामुळे आमच्या कुणग्यांवर मुंबई, वास्को, वाळपई अशा ठिकाणी विखुरलेल्या माझ्या आत्या आणि त्यांच्या मुलांचाही हक्क आहे. एका चुलतभावाने सगळ्यांना फोन केले. थोरली आत्या लालबागला असते, नव्वदीला टेकलीय. तिने विचारलं, जमीन विकल्यावर खालच्यांना वाट कुठून? मेर आपल्याच उताऱ्यात येते ना? चुलतभावाला उत्तर देता आलं नाही आणि आत्याने सही दिली नाही.

खालच्या शेताच्या म्हाताऱ्याची नात आता बँकेत नोकरी करते आणि शनिवार-रविवार नवऱ्याबरोबर शेतात असते. गेल्या वर्षी आम्ही तिघांनी, म्हणजे ती, तिचा नवरा आणि मी, कालव्याच्या पाण्यावर वायंगण घ्यायचं ठरवलं. बी तिने आणलं, ज्योती या वाणाचं. मधल्या पडीक कुणग्यांतून पाट काढायला त्यांच्या मालकांची परवानगी हवी होती. दोघांनी दिली, एकाचा पत्ता लागत नव्हता म्हणून त्याच्या शेताला वळसा घालून पाट न्यावा लागला. पाळी लिहून ठेवायला तिने शाळेची वही आणली आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं. यंदा आणखी एका घराने विचारणा केली आहे. त्यांचे कुणगे कालव्याच्या अगदी तोंडाशी आहेत, म्हणजे त्यांची पाळी शेवटची. ते आम्ही त्यांना आधीच सांगितलंय, आणि दिवाळीनंतर पाट साफ करायला येतो असं त्यांनी कळवलंय.